डोळे फुटायचं औषध

बादल्या भरून ओळींच्या तोंडाशी मांडून झाल्या, प्रत्येक बादलीच्या काठावर फडक्याचा बोळा ठेवून झाला, तरी कुसाबाई बांधावरून उठली नाही. पदर कमरेला खोचलेला, पाय पुढे पसरलेले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे. काळूने आधी लांबून हाक मारली. मग जवळ येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, चांगली आहे.

"मग ऊठ की वहिनी."

"हातमोजे येऊ दे. मग उठते."

काळूला ती चेष्टा वाटली. तो टोळीचा मुकादम, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दर साली भात पोटरीला आलं की सुरगाण्याच्या पलीकडच्या आपल्या पाड्यावरची माणसं जीपमध्ये बसवून तो दिंडोरीकडे द्राक्षबागांत आणायचा. छाटणी झाली, औषध लावून झालं की भाताच्या कापणीला माघारी. इतक्या वर्षांत हातमोजे कुणी मागितले नव्हते. तो हसला, आणि ती हसत नाही हे पाहून थांबला.

भागीबाई बादली उचलून ओळीत शिरणार होती. टोळीत सगळ्यांत म्हातारी तीच. ती परत फिरली, कुसाबाईच्या शेजारी येऊन हुश्श करत बसली आणि म्हणाली, गुडघे दुखतात, जरा टेकते. पण टेकून झाल्यावरही ती उठली नाही. मग बाकीच्या बायांनीही बादल्या खाली ठेवल्या. गडीमाणसं तंबाखू मळत उभी राहिली. काळूने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि खिशातून फोन काढून बागाइतदाराला, दीपकभाऊंना, लावला.

बागेतलं हे काम दिसायला हलकं. छाटणीनंतर वेलीवर आखूड काड्या राहतात. काडीवर टपोऱ्या गाठी असतात, त्यांना डोळे म्हणतात. त्या डोळ्यांतून नवी फूट निघते, फुटीबरोबर घड. सोडून दिलं तर एक डोळा आज फुटतो, दुसरा पुढच्या पंधरवड्यात, आणि मग सगळा माल वेगवेगळ्या वेळी तयार होतो. परदेशी जाणाऱ्या मालाला ते चालत नाही. म्हणून छाटणी झाली की लगेच, फार तर दुसऱ्या दिवशी, प्रत्येक डोळ्याला औषध पुसायचं. फडकं बादलीत बुडवायचं, पिळायचं, मुठीत काडी धरून टोकापर्यंत ओढायचं. कळावं म्हणून औषधात रंग टाकलेला असतो. संध्याकाळपर्यंत बायांचे हात मनगटापर्यंत गुलाबी होतात. चारसहा दिवसांनी बोटांची सालं निघतात. जेवताना भाकरीला कडवट वास येतो. बाया एकमेकींना खोबरेल तेल देतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

कुसाबाईही बोलत नसे. मागच्या सालापर्यंत.

मागच्या साली तिच्याबरोबर पुंजा होता. पुंजा म्हणजे उंच, हडकुळा, पाय घोट्यापाशी जरा वाकडे. जीप घाटाच्या मोठ्या वळणावर आली की तो ड्रायव्हरला थांबायला सांगून खाली उतरायचा आणि वळण पायी चालून पुन्हा चढायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा, पण उतरायचा. दारू तो होळीला प्यायचा, लग्नात प्यायचा. पाड्यावर न पिणारा कुणी नव्हता, आणि पुंजाइतकं कमी पिणारेही फार नव्हते.

या बागेत एक रीत होती. औषधाचं काम संपलं की दीपकभाऊ खुशीने गड्यांना देशीच्या बाटल्या द्यायचे. बायांना मिठाईचा पुडा. आजूबाजूच्या बागांतूनही तसंच चालायचं. मागच्या साली काम उन्हं कलायच्या आत संपलं. गडी पालापाशी बसले. दिवसभर पुंजानेच सगळ्यांत जास्त काम ओढलं होतं, कारण त्याच्या जोडीची बाई तापाने पडली होती आणि तिच्याही ओळी त्याने घेतल्या होत्या. त्याचे हात कोपरापर्यंत रंगले होते. तो थोडीशीच प्यायला. कुसाबाई चुलीशी होती. तिने मान वर केली तेव्हा पुंजाचं तोंड, मान, छाती लालबुंद झालेली होती, जळत्या लाकडासारखी. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, आतमध्ये फार जोरात पळतंय. मग त्याला उलट्या सुरू झाल्या. मग दम लागला. दोघातिघांना कमीजास्त त्रास झाला, पण ते बसून राहिले तेवढ्यावर निभावलं. पुंजा बसू शकला नाही.

दीपकभाऊंनी पिकअप काढली. स्वतः चालवली. पुंजाला मागे गोधडीवर झोपवलं, कुसाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नाशिकच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा श्वास होता. नंतर फार वेळ राहिला नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन बरंच विचारलं होतं. काय काम करतो, कोणतं औषध, हाताला काय बांधता, दारू कधी घेतली, किती घेतली. कुसाबाईला ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं, औषधाचं नाव दीपकभाऊंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे औषध कातडीतून अंगात जातं. ते अंगात असताना दारू पोटात गेली की माणसाला झेपत नाही. नुसत्या एवढ्याशा दारूने हा माणूस गेला नसता. दीपकभाऊ भिंतीला टेकून उभे होते. कुसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं होतं.

पुढे ते दिवसकार्याला पाड्यावर आले. तांदळाचं पोतं आणलं. देवळापुढच्या पारावर म्हाताऱ्यांत बसले, डोळे पुसले. आणि तिथे सगळ्यांसमोर म्हणाले, "किती वेळा सांगितलं होतं त्याला, पिऊ नको म्हणून."

कुसाबाई घराच्या उंबऱ्यात होती. तिला ते वाक्य ऐकू आलं आणि आधी कळलंच नाही की ते पुंजाबद्दल आहे.

मग ते वाक्य पाड्यावर राहिलं. दीपकभाऊ गेले, तांदूळ संपला, पण वाक्य राहिलं. पुंजा दारूने गेला. काळू तसंच म्हणायचा. दुकानदार तसंच म्हणायचा. तिने काळूला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा तो इकडेतिकडे बघत म्हणाला की हे कुठे बोलू नको, बाग हातची जाईल, सगळ्या टोळीचं नुकसान होईल. दिवाळीत मुलगी तेजस्विनी आश्रमशाळेतून घरी आली.  तिसऱ्या दिवशी भात कांडताना तिने विचारलं, "आई, बाबा दारुडा होता का?"

कुसाबाईने नाही म्हटलं. पण त्याच्यापुढे काय सांगायचं हे तिला सुचलं नाही. कातडीतून औषध आत जातं हे तिला स्वतःलाच नीट पटत नव्हतं. आवणीला, भाताची रोपं लावताना, ती आख्खा आषाढ गुडघाभर पाण्यात उभी असे. पाणी कधी आत गेलं नव्हतं. कातडी असते तीच मुळी बाहेरचं बाहेर ठेवायला. डॉक्टर शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलेल. पण ज्याची खात्री आपल्यालाच नाही ते मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं.

या साली ती परत त्याच बागेत आली, कारण काळूची टोळी तिथेच यायची आणि एकट्या बाईला दुसरीकडे काम शोधणं सोपं नव्हतं. दीपकभाऊ तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलले. पालाला नवं प्लास्टिक दिलं.

परवा शेतकी कॉलेजची पोरंपोरी बाग बघायला आली. दीपकभाऊंना अशा वेळी हुरूप येतो. ते स्वतः शिकलेले, बाग हा त्यांचा अभिमान. एका वेलीपाशी उभे राहून ते समजावत होते आणि पलीकडच्या ओळीत कुसाबाई औषध लावत होती. डोळ्यावर कांद्यासारखे पापुद्रे असतात, ते सांगत होते. औषध आपण वरून पुसतो, पण ते वर राहत नाही. पापुद्र्यांतून आत झिरपतं, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत असं करत गाभ्यापर्यंत पोचतं आणि झोपलेला कोंब जागा होतो. मग मुळं खालून पाणी वर लोटतात. त्यांनी कालची छाटलेली काडी वाकवून दाखवली. तिच्या तोंडाशी पाण्याचा थेंब जमला होता. पोरांनी फोटो काढले.

एक मुलगी फोटो काढायला कुसाबाईच्या ओळीत येऊन उकिडवी बसली. कुसाबाईने तिला विचारलं, "पेशी म्हंजे काय गं?"

मुलगी जरा गडबडली. मग म्हणाली, लहान लहान खोल्या समजा मावशी, डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या लहान. त्यांच्या भिंती पातळ असतात. काही भिंतीतून आत येतं, काही बाहेर जातं. सगळं झाड त्या खोल्यांचंच बनलेलं असतं.

"आन माणूस?"

"माणूस पण."

मग तिची नजर कुसाबाईच्या हातावर गेली. तिने बाजूला पडलेला औषधाचा रिकामा डबा फिरवून पाहिला आणि कुसाबाईपुढे धरला. डब्यावर काय लिहिलंय ते कुसाबाईला वाचता येत नव्हतं. चित्र मात्र होतं. हात होते, आणि हातांत मोजे होते. मुलगी काही बोलणार तोच तिला पुढून हाक आली आणि ती गेली.

कुसाबाई उरलेली ओळ लावत राहिली. फडकं पिळलं, काडी ओढली. काडीची साल तिच्या तळव्याच्या कातडीपेक्षा जाड होती. ती थांबली. तळवा उलटा करून पाहिला, पुन्हा काडी पाहिली. एवढ्या जाड सालीतून जे आत जातं, ते आपल्या हातातून आत जाणार नाही असं आपल्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आपणच धरून चाललो होतो. वर्षभर जे डोक्यात नुसतं अडकून पडलं होतं ते तिला तिथे, वेलीखाली उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्याबरोबर तिने फडकं बादलीत टाकून दिलं. त्या दिवशी तिने पुढचं काम केलं नाही. डोकं दुखतं म्हणून पालात जाऊन पडली. रडली नाही. पुंजाचे कोपरापर्यंत रंगलेले हात तिला दिसत राहिले आणि मनातून राग येत राहिला. तो राग तिला बरा वाटला. वर्षभर नुसतं दुःख होतं, त्याने काही करता येत नव्हतं.

काल दिवसभर छाटणी होती. आज औषध, आणि आज ती बांधावर बसली.

दीपकभाऊ मोटरसायकलवर आले तेव्हा ऊन वर आलं होतं, पण पश्चिमेकडे ढग होते. त्यांनी आधी ढगांकडे पाहिलं, मग बादल्यांकडे, मग बायांकडे. आल्याबरोबर ते चिडले नाहीत. काळूला म्हणाले, चहा झाला नाही का यांचा. मग कुसाबाईसमोर उभे राहून त्यांनी समजुतीने सांगितलं की मोज्यांनी काम उरकत नाही, डोळा हाताला लागत नाही, या भागात कुणीच वापरत नाही. आभाळ आलंय. दुपारनंतर पाऊस झाला तर काल छाटलेला सगळा प्लॉट वाया. ही थट्टेची वेळ नाही.

कुसाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परवा तुम्हीच पोरांना सांगितलं भाऊ. औषध सालीतून आत जातं. काडीच्या सालीतून जातं, तर माझ्या कातडीतून का नाय जाणार?"

 दीपकभाऊ म्हणाले की झाडाचं वेगळं, माणसाचं वेगळं. पण हे म्हणताना त्यांचा आवाज खाली आला होता आणि ते तिच्याकडे न बघता काळूकडे बघत होते. काळूने लगेच री ओढली. वहिनीचं दुःख आहे, ते समजून घ्या, पण बाकीच्या बायांनी उठावं. बाया उठल्या नाहीत. भागीबाईने आपले दोन्ही तळवे समोर धरले. बोटांच्या पेरांवरची सालं सुटून लोंबत होती. ते तसेच धरून ठेवले, दीपकभाऊ मान फिरवेपर्यंत.

मग मात्र ते चिडले. पेठ नाक्यावरून दुसरी टोळी आणायला एक फोन पुरे, असं म्हणाले.

"आणा," कुसाबाई म्हणाली. "त्यांना पण हातच हायत. मी रस्त्यावर उभी राहून येकेकीला सांगीन."

"तुझ्या नवऱ्याला मी स्वतः गाडीत घालून नेलं होतं कुसाबाई. विसरलीस?"

"नाय विसरले. तुम्ही नेलं म्हणूनच डॉक्टर काय बोलला ते तुम्ही पण ऐकलं."

दीपकभाऊंनी ढगांकडे पुन्हा पाहिलं. ते वाईट मनुष्य नव्हते. कुसाबाईलाही ते तसे वाटत नसत. दारात आलेल्याला पाणी विचारणारा, माणसं उपाशी ठेवून काम न करवून घेणारा माणूस. पण त्यांना बाग वाचवायची होती, आणि ती कुणाच्या हातांनी वाचते याकडे नीट बघायची सवय त्यांना कधी लागली नव्हती. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि गेले.

ते दुसरी टोळी आणायला गेले असं काळूला वाटलं. तो बायांना फार बोलला. घरी बसावं लागेल, पुढल्या साली कुणी दारात उभं करणार नाही. दोघीतिघी चुळबुळल्या. एक तर उठलीही, पण बाकीच्या बसलेल्या पाहून ती पाणी प्यायला गेल्यासारखं करून परत आली.

दीपकभाऊ परत आले ते पिकअप घेऊन. दिंडोरीतल्या दुकानातून रबरी हातमोज्यांची खोकी आणली होती, लांब बाह्यांची. साबणाच्या वड्या होत्या. पाण्याची टाकी उतरवून त्यांनी पालाशेजारी ठेवायला लावली. खोकी बांधावर ठेवून ते बाजूला जाऊन उभे राहिले.

बायांमध्ये एकदम गलबला झाला. मोजे मोठे होते, काहींना बोटं सापडेनात. भागीबाई दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवत म्हणाली की ती आता डॉक्टरीण झाली, कुणाला सुई टोचायची असेल तर या. हसत हसत बादल्या उचलल्या गेल्या. गड्यांनीही मोजे घातले. सुरुवातीला डोळा हाताला लागेना, मग लागायला लागला.

कुसाबाई बसूनच होती.

दीपकभाऊ तिच्याजवळ आले. मोजे आणले, साबण आणला, पाणी आणलं, आता काय राहिलं, असं त्यांनी विचारलं. आवाजात थकवा होता. ओळींमधली माणसं कान देऊन काम करत होती.

कुसाबाई उठून उभी राहिली. "एक विचारते भाऊ. संध्याकाळी काम सरलं की गड्यांना बाटल्या देणार का?"

"ते आता कशाला? कामाला लाग."

"देणार का नाय, तेवढं सांगा."

काडी ओढणारे हात थांबले. काळू ओळीतून बाहेर आला. दीपकभाऊंनी खिशातला फोन काढला, बघितला, परत ठेवला.

"नाही देणार," ते म्हणाले.

"का नाय?"

 कुसाबाईने परत विचारलं नाही. ती फक्त उभी राहिली, आणि तिच्यामागे सगळी टोळी उभी होती, मोजे घातलेले हात अंगापासून लांब धरून. दीपकभाऊ हो म्हणाले असते तर आज संध्याकाळी कोण पडेल त्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. नाही म्हटलं होतं, तर त्याचं कारण सांगायला हवं होतं. आणि कारण एकच होतं.

"औषध लावल्यावर दारू घ्यायची नसते," दीपकभाऊ शेवटी म्हणाले. "दोनचार दिवस तरी नाही. जिवावर बेततं."

कुणीतरी ओळीत हळूच बादली खाली ठेवली.

"मागल्या साली हे तुम्हाला ठाऊक नव्हतं," कुसाबाई म्हणाली. "ते मी तुमच्यावर धरत नाय. तुम्ही खुशीनं दिली, त्यानं खुशीनं घेतली. पण दवाखान्यात तुम्हाला कळलं. त्याच्यानंतर तुम्ही पाड्यावर आले, पारावर बसले, आन काय बोलले? पुंजाला पिऊ नको म्हणून कवा सांगितलं होतं तुम्ही?"

दीपकभाऊंनी खाली पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. ते काहीतरी पुटपुटले. घाबरलो होतो, पोलीस, बाग, असे तुटक शब्द कुसाबाईला ऐकू आले. तिला त्यांची कीव आली, पण तिने ती आवरली.

"माझी पोर मला विचारते, बाप दारुडा होता का. दारुडा नव्हता तो. दोन माणसांच्या ओळी एकट्यानं लावल्या त्यानं, तुमच्या बागेत. त्यापायी गेला."

हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. पण त्या वेळी वेलींच्या मंडपाखाली कुणी हलतही नव्हतं, त्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

 मग दीपकभाऊ सावरले. त्यांना सगळ्यांसमोर उभं राहणं असह्य झालं असावं. झालं ना मनासारखं, आता इथे तुझं काम नाही, आजच्या आज जा, असं ते एका दमात म्हणाले आणि पिकअपकडे चालू लागले. भागीबाईने हातातले मोजे काढायला सुरुवात केली. कुसाबाईने तिला थांबवलं. म्हणाली, घाल. बसून मिळवलेत, काढू नको. सगळी गेली तर उद्या दुसऱ्या बाया येतील आणि पुन्हा फडकी हातात घेतील. तुम्ही इथेच राहा, मोजे मागत राहा.

पालात तिचं सामान थोडंच होतं. गोधडी, तवा, पिशवीत दोन लुगडी. ती गाठोडं बांधत होती तेव्हा काळू दाराशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. प्लास्टिकची कड बोटांत धरून चुरत राहिला. शनिवारी जीप येईल तोवर थांब, असं म्हणाला. ती तवा गोधडीत गुंडाळत राहिली.

"पुंजादादा माझ्याहून चांगला होता," काळू म्हणाला. "मला ठाऊक होतं वहिनी. तू सांगितलं तवाच ठाऊक झालं. मी पाड्यावर सांगीन सगळ्यांना."

"पाड्याचं मागून सांग." तिने गाठ आवळली. "आधी शाळेत जा. तेजस्विनीला सांग. तू चुलता हाय तिचा. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला."

काळूने मान हलवली. तिने गाठोडं उचललं तेव्हा तो बाजूला झाला आणि ते रस्त्यापर्यंत पोचवायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.

डांबरी रस्ता बागेपासून दूर नव्हता. ढग सरकून पुढे गेले होते आणि ऊन पुन्हा लखलखीत पडलं होतं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक दगड होता, तिथे ती बसली. वणीकडे जाणारी एखादी जीप मिळाली असती. मिळाली नसती तर चालता आलं असतं. घरी भात अजून उभं होतं, कापणीला अवकाश होता, आणि तोवर घरात काय शिजेल याचा विचार तिच्या मनात आला तसा तिने दूर केला नाही. तो होताच. पण छाती मोकळी होती. वर्षभरात पहिल्यांदा तिने पुरता श्वास घेतला, आणि मग तिला हुंदका आला. तिने तो येऊ दिला. रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं. पुंजाला आता कळण्यासारखं काही नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. पदराने तोंड पुसून ती रस्त्याकडे बघत बसली.

थोड्या वेळाने एक पांढरी पिकअप समोरून आली, पुढे गेली, थांबली आणि उलटी मागे आली. आतल्या माणसाने काच खाली केली. इंजिन चालूच होतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, बाजूच्या सीटवर औषधाचे नवेकोरे डबे. पलीकडच्या शिवारातला कुणी बागाइतदार असावा. त्याने तिच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि खिडकीतूनच हाक दिली.

"ए बाई, औषध लावता येतं का? चल, बस मागं. माणसं कमी पडलीत."

कुसाबाई दगडावरून उठली नाही. तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि वर त्याच्याकडे पाहिलं.

"येतं," ती म्हणाली. "खाली उतरून बोला."

त्या माणसाला नीट ऐकू आलं नसावं. त्याने गॉगल काढला. ती तशीच बसून होती. त्याने एकदा पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग हात पुढे करून इंजिन बंद केलं.